ज्या गावात कुणाचं विमान न्हाई

खोली बघायला आले तवा त्यांनी आदी खोली बघितलीच न्हाई. घराला बाहिरनं चक्कर मारली. डाव्या अंगानं सुरू केली, हात मागं बांधले, कुठं मान वर करून बघायलेत, कुठं वाकून. मी वसरीत तांदूळ निवडत बसल्ते. मला वाटलं घरपट्टीवाला आला. चक्कर पुरी करून म्होरं आले आन् मनले, "बाई, खोली द्यायची आहे ना? मागच्या भिंतीला ओल आहे. मी पाहिली. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर त्यावरून बोलणार नाही."

मी मनलं, "भाडं कमी करायचं असंल तर सरळ सांगा."

"भाड्यातलं मला कळत नाही. मी विमानाची किंमत करतो. लहान विमानाची. घराचं मी शिकलेलो नाही."

आता बोला. आमच्या पाथरीच्या गल्लीत आजवर भाडेकरू आले ते मास्तर, कंडक्टर, लय झालं तर हापिसातला एखादा शिपाई. भिंतीपल्याड फातिमाबी कपडे वाळू घालायली व्हती, तिचे कान लय तिखट. ते गेल्यावर तिनं मान वर काढली.

"क्या बोल्या वो? विमान?"

"हां."

"यहाँ वक्त पे ऑटो नै मिलता, वो विमान बोलता. देख को रख, सुदाम की अम्मा. पागल-बिगल निकला तो?"

मी ठिवून घेतलं. एकटं माणूस, वय झालेलं, दारू न्हाई, बिडी न्हाई, दोन टायमाचं जेवण माज्याकडं. मला बी तवा आधार पायजे व्हता. सुदामचा बाप जाऊन लय वर्सं झाल्ती. जिनिंगमधी सरकी उचलून मी लेकरू मोठं केलं, तिथंच मशिनीत माजं एक बोट गेलं, तरी दुसऱ्या हंगामाला परत तिथंच गेले. दुसरीकडं कुठं जाणार?

हळूहळू कळलं की ते मूळचे पाथरीचेच. लहानपणी बापासंगट हैदराबादला गेले, तिथं विमानं दुरुस्त करायचं काम शिकले. हातानं, तेलात लोळून. मंग किमतीचं शिकले. मी एकदा इचारलं, "विमानाची किंमत काय, दुकानदाराला इचारलं की कळंल की." तर जेवता जेवता हात थांबला. मनले, "जुनं विमान कुणी विकतो, कुणी घेतो, बँक त्यावर कर्ज देते, भाऊभाऊ वाटणी करतात. विकणारा जास्त सांगतो, घेणारा कमी. मधे एक माणूस लागतो ज्याला दोघांकडून काही नको. तो माणूस व्हायला फार शिकावं लागतं, बाई." आदी वर्सानुवर्सं हातानं काम, मंग परीक्षा, मंग मोठ्या जाणत्याच्या हाताखाली राहायचं, मंग परत परीक्षा. एवढं करून किंमत करायचं कार्ड मिळालं तरी सुटका न्हाई. दरसाल नवे धडे वाचायचे, परत लायक हायेत का ते दाखवायचं.

त्या वयात परीक्षा द्यायचे! कॉम्प्युटरवर, माज्या खोलीत. त्या दिवशी आंघोळ, इस्त्रीचा सदरा, आन् पायात बूट. लेस बांधून घरात बूट घालून बसायचे.

"साहेब, घरात बूट?"

"परीक्षेला अनवाणी बसत नाहीत."

तेवढा येळ मी कुकर लावायचे न्हाई, शिट्टी नको मनून. माजी सून कविता, लगीन होऊन नवी आल्ती तवा, ती चवड्यावर चालायची. बाहिर आले की मी इचारायचे, "पास का?" तर मनायचे, "ते मी सांगायचं नसतं. ते सांगतील."

कशाची बी किंमत त्यांच्या तोंडून कुणी ऐकली न्हाई. गल्लीतला एकजण म्हैस घेऊन आल्ता बाजारातनं. दारातच गाठलं त्यांना. "साहेब, तुमी किमतीतले हुशार. केवढ्याला पडली असंल वळखा बरं."

"म्हैस माझ्या परीक्षेत नव्हती."

"आवो, अंदाज!"

"अंदाज कुणासाठी? कशासाठी? कोणत्या दिवसाचा?" असं तीन तीन इचारायचे ते हमेशा. विकायला काढली तर एक किंमत, कुणी जबरदस्तीनं विकायला लावली तर दुसरी, आन् आजची किंमत उद्याची नसती. म्हैसवाला म्हशीकडं बघायला लागला, मनला, "चल माय, तुजं काय खरं न्हाई."

परभणीला जायचं तर यष्टीला बी चक्कर मारायचे. डाव्या अंगानंच. टायर बघणार, खाली वाकणार. समदी गाडी खोळंबलेली. कंडक्टर मनायचा, "ओ बाबा, घ्यायचीय का गाडी?"

"नाही. फक्त बसायचंय."

हसायचे लोक. मला बी हसू यायचं, आन् आतून कसंतरी बी व्हायचं. जो माणूस बसायच्या आदी एवढं बघतो त्यानं काय काय पडलेलं बघितलं असंल, असं मनात यायचं. बोलले न्हाईत कदी.

एकदा मी इचारलं, एवढं हैदराबाद सोडून हितं कामून आले? बायको गेली मनून मी समजल्ते. तर मनले, "बाई, ज्या गावात विमान असतं तिथं मला कुणाशी सलगी करता येत नाही. ज्याच्या घरी चहा प्यायलो त्याच्या विमानाबद्दल मी बोललो तर लोक म्हणतील चहा बोलला. हैदराबादेत माझे सगळे मित्र विमानवाले. शेवटी कुणाकडेच जाता येईना. इथं कुणाचं विमान नाही. इथं मला कुणाकडेही जेवता येतं."

किती परेशान माणूस असंल बगा. दोस्त करायसाठी असं गाव धुंडून काढलं.

आता ते हितं न्हाईत. हैदराबादला लेकीकडं गेले. डोळ्याला कमी दिसायला लागलं. चांगलं दिसत न्हाई तर मी बघितलं असं कसं मनणार, मनून आपलं कार्ड त्यांनी आपल्या हातानं वापस धाडून दिलं. कुणी मागितलं न्हवतं. त्या दिवशी जेवले न्हाईत नीट. पण ते लय नंतरचं.

मला सांगायचंय ते विमान आलं त्या टायमाचं.

सेलूच्या वाटंला एका मालकाची शाळा-कालेजाची संस्था हाय. त्यानं जुनं लहान विमान इकत आणलं. मोठ्या ट्रकवर घालून आणलं, पंख येगळे बांधलेले. पाथरीतून ट्रक चालला तर समदं गाव रस्त्यावर. हितं विमान चालवायची शाळा निघणार, पोरं वर उडणार, असं मालक भाषणात मनला. फातिमाबी मला वढत घेऊन गेली. वापस आले तर साहेब खोलीत दार लावून बसलेले. मी दार वाजवलं.

"साहेब, विमान आलंय! तुमी बघितलं न्हाई?"

आतून मनले, "आलं का शेवटी." एवढंच. दार उघडलं न्हाई.

दुसऱ्या दिवशीपासून साहेबांचा चौकातल्या हाटेलातला चहा बंद. हाटेलवाला त्या मालकाचा पावना लागतो मनून. आन् माज्या सुदामला त्याच संस्थेत काम लागलं, त्या विमानाच्या राखणीचं. मी पेढे वाटले. साहेबांनी पेढा हातात धरला, लय येळ धरला. मनले, "सुदामची आई, दुसरी कुठली नोकरी नव्हती का?"

मला राग आला. मी मनलं, "तुमच्या वळखीची असंल तर द्या की." पेढा खाल्ला, पण मला कळलं की गोड लागला न्हाई.

सुदामचा लय जीव त्या विमानावर. पत्र्याच्या शेडात हुभं असायचं ते, शाळा काय निघाली न्हाई, पोरं काय आली न्हाईत. धूळ बसायची. सुदाम पुसून काढायचा. म्होरच्या काचंवर डाग पडले तर चुलीची राख नेऊन घासली, आपण ताट घासतो तशी. आता ती काच काचच न्हवती, प्लास्टिकवाणी काय तरी व्हतं. धुरकट झाली, त्यातून पल्याडचं दिसंना. त्याला वाटलं अजून घासायला पायजे. अजून घासली.

दसऱ्याला मोठी पूजा झाली. गाड्या, ट्रॅक्टर, बोअरची मशीन, समद्यांची करत्यात तशी विमानाची. मालक स्वतः आला, फेटा बांधून. भटजी मनले, यंत्राच्या पोटात हळद-कुंकू लावा. मालकानं आत बसून लावलं. सुदामनं झेंडूचा हार घातला. हार अडकवायला कुठं जागा दिसंना तर पंखाखाली बोटाएवढी एक नळी म्होरं आलेली व्हती, तिला अडकवला. हार भरगच्च, वढून बसवला, नळी वाकली. ध्यानात बी आलं न्हाई कुणाच्या. आमी समद्यांनी परसाद खाल्ला.

होळी झाली आन् एक दिवस पोलीस ठाण्यातनं सुदामला बोलावणं आलं.

विमान इकत घेताना मालकानं बँकेचं कर्ज काढल्तं, समद्या सामानासकट विमान हाय असं सांगून. आता बँक बघायला येणार व्हती, आन् विमानात रेडिओच न्हवता. म्होरच्या फळीत नुसतं चौकोनी भोक. मालकानं अर्ज दिला की होळीपतोर रेडिओ जाग्यावर व्हता, राखणदारानं काढून इकला.

सुदाम जमादाराला मनला, "साहेब, ते भोक मी आलो तवापासून रिकामंच हाय."

जमादार मनला, "तुजं आयकू का मालकाचं?"

मंग रोज ठाण्यात बोलवायचे. सकाळी जाऊन बाकावर बसायचं, दिवस मावळता सोडायचे. एका दिवशी गालावर वळ घेऊन आला. मी इचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई. मी रोज भाकरी बांधून न्यायचे. कविता पोटुशी, तिच्या तोंडात घास जाईना. मी तिला मनायचे, "काय व्हत न्हाई. जेव." सुदाम एकदा वरडला माज्यावर, "तुला काय फिकीरच न्हाई! तू आपली भाकऱ्या थापायलीस!"

भाकऱ्या न्हाई थापल्या तर काय थापू, मी मनलं.

त्याच आठवड्यात बँकेचा फोन साहेबांना आला. ह्या भागात तसला कार्डवाला माणूस तेच. फोनवर बोललेलं मला भिंतीतनं आयकू आलं. "मी त्याच राखणदाराच्या घरी राहतो. त्याच्या आईच्या हातचं जेवतो. हे तुम्ही आधी ऐका. मालकालाही सांगा. दोघांची हरकत असेल तर दुसरा बघा." बँकेनं मालकाला इचारलं. मालक हासला मनं, "राहू द्या की, आपलाच माणूस हाय."

मला आतून उभारी आली. मी मनलं, देवानं आयकलं. आता घरचाच माणूस बघणार. त्या दिवशी मी वांग्याचं भरीत केलं, त्यांना आवडतं मनून.

ते दारात आले. हातात ट्रंक.

"सुदामची आई, आजपासून माझं जेवण बंद. मी स्टँडजवळच्या लॉजवर जातो. हे काम संपेपर्यंत माझ्याशी बोलू नका."

"कामून? माजं काय चुकलं?"

"काही नाही. म्हणूनच."

गेले. भरीत तसंच ऱ्हायलं. कविता रडायला लागली. फातिमाबी भिंतीवरून मनली, "मैं बोली थी ना! मतलब का वक्त आया, बुड्ढा भागा."

आन् मंग मालकाचा माणूस आला. बसला न्हाई, दारातूनच मनला, "मावशी, मालकाचा निरोप हाय. तुमच्या त्या भाडेकरूला सांगा, विमान झकास हाय असं लिवा, किंमत चांगली लावा. रेडिओ गेला तर गेला, बाकी समदं नव्यावाणी. एवढं झालं तर मालक अर्ज मागं घेतील. न्हाई झालं तर सुदामला आत टाकत्याल. पोटुशी सून हाय तुमची, इचार करा."

काय इचार करायचा? मी भाकरी बांधली आन् लॉजवर गेले. आई व्हते, गेले. जिना चढता चढता मधीच थांबले, कठडा धरून. साहेब वरून आले तर मला बघून तिथंच हुभे.

"वर येऊ नका." मंग खाली आवाज दिला, "मॅनेजर, जरा इथं या. या बाई काय बोलतात ते ऐकायला एक माणूस पाहिजे."

मॅनेजर आला. तिघंजण जिन्यात. मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. माजा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटायला. त्यांनी समदं आयकून घेतलं. मनले, "हे मला लिहावं लागेल."

"काय?"

"तुम्ही आलात ते. निरोप दिलात ते."

"नगा ओ लिहू साहेब! लेकराला आत टाकतील."

"लिहावंच लागतं, बाई. न लिहिलं तर पुढचं एकही अक्षर खरं राहत नाही."

मी भाकरी म्होरं केली तर हात मागं बांधून घेतले. मॅनेजर मनला, "मला द्या मावशी. माजं कुठं काय विमान हाय." त्याला दिली. वापस कुठं न्यायची?

घरी येऊन कविताला मनलं, "बोलले, बगतो." खोटं बोलले तिच्याशी. मनात एकच, की मीच आपल्या पायानं जाऊन लेकराच्या गळ्यात फास घालून आले. आता लिहिणार, चोराची आई सांगायला आल्ती.

बघायचा दिवस आला. ऊन असं की शेडाचा पत्रा तडतडायला. साहेबांनी बँकेला सांगून ठिवल्तं की मालक बी पायजे आन् राखणदार बी पायजे. सुदामला जमादार घेऊन आला. मी तारंच्या कुंपणापशी हुभी ऱ्हायले, सुदामचा डबा घेऊन. साहेबांनी माज्याकडं बघितलं न्हाई. पायात बूट, इस्त्रीचा सदरा. आपल्या पाण्याची बाटली आपल्यासंगट. मालकानं थंडा मागवला, घेतला न्हाई.

डाव्या अंगानं चक्कर सुरू केली. हातानं पत्रा चाचपून बघायचे, ठोकून बघायचे, पोत्यावर झोपून खालून बघायचे. कुणी बोललं तर बोट वर करायचे, थांबा. पंखाखालच्या नळीपशी आले. थांबले. "ही वाकलेली आहे. कशानं?"

मंग सुदामच मनला, "हार घातल्ता साहेब, दसऱ्याला. माज्यानं वाकली असंल."

लिहिलं.

"काच कुणी घासली?"

"मीच. राखेनं."

ते बी लिहिलं. मालक हासायला. मनला, "बघा, असला राखणदार! रेडिओ इकायला ह्याला काय येळ?"

मंग आत बसले. त्या भोकात बॅटरी मारली, आरसा घालून बघितलं. लय येळ. घाम माज्या पाठीवरून खाली चालला. बँकेच्या साहेबाला बोलावलं. "पहा. तारांची टोकं तोडलेली नाहीत. एकेकाला टोपी घालून, बांधून ठेवलीत. कारखान्यात काढतात तशी."

बँकवाला मनला, "म्हणजे चोरी नाही?"

"ते मी सांगू शकत नाही. दिसतं ते सांगतो. आतल्या पत्र्यावर लाल पूड चिकटलेली आहे."

बँकवाल्यानं वाकून बघितलं. "अहो, कुंकू आहे ते!"

"तुम्हाला वाटतं. मी तपासलेलं नाही. मी लाल पूड लिहितो."

जमादार सुद्धा हासला. मला राहवलं न्हाई, मी कुंपणातून वरडले, "कुंकूच हाय ओ ते!"

पहिल्यांदा माज्याकडं वळले. "बाईंनी बोलू नये. बाई माझ्या घरमालकीण आहेत." आन् परत तोंड फिरवलं. मला वाटलं आता संपलं. हा माणूस लाल पूड लिहून मोकळा होणार, आन् माजं लेकरू आत जाणार.

बँकवाला खालीच बसला व्हता भोकापशी. मनला, "पण इतक्या आत कुंकू लावलं कुणी?"

सुदाम मनला, "मालकांनी."

तर मालक फुगला. "मंग कोण लावणार? पयला मान आमचाच. दसऱ्याला समद्या गावासमोर लावलं, माज्या हातानं. भटजी मनले यंत्राच्या पोटात लावा, तर पार आत हात घालून लावलं, हितपतोर!" आन् कोपरापतोर हात दाखवला.

हात तसाच ऱ्हायला वर.

जमादार भोकाकडं बघायला, मालकाच्या हाताकडं बघायला. रेडिओ असता तर हात आत गेला असता कसा? शेडावर कावळा बसल्ता त्याच्या नख्यांचा आवाज येत व्हता पत्र्यावर. साहेबांनी इचारलं, एकदम हळू, "दसऱ्याला? पक्कं आठवतं?"

मालक मनला, "तसं न्हवं... मला मनायचं व्हतं..."

"लिहितो. मालकाच्या सांगण्यावरून, दसऱ्याला, मालकानं स्वतः. पदार्थ, लाल पूड." लिहिलं, आन् म्होरं शेपटाकडं गेले. जसं काय झालंच न्हाई. शेपूट बघायचं ऱ्हायलं व्हतं ना.

अर्ज मालकानं मागं घेतला. जमादारानं सुदामला बाकावरून उठवलं आन् मनला, "जा. त्या म्हाताऱ्यानं तुज्याबद्दल वाईट बी लिहिलंय, काच घालवली मनून, नळी वाकवली मनून. तेच्यामुळंच बँकेच्या साहेबाला बाकीचं खरं वाटलं. नुसतं चांगलं लिहिलं असतं तर घरमालकिणीचं पोरगं मनून फेकून दिलं असतं."

नोकरी मात्र गेली. त्याच काच-नळीवरून मालकानं काढलं. सुदाम घरी येऊन वसरीत भिंतीला टेकून बसला. चांगलं मनावं का वाईट मनावं, त्याला बी कळंना, मला बी कळंना. साहेबांचं नाव घरात कुणी काढायचं न्हाई. त्यांच्या खोलीला मी कुलूप ठिवलं. राग व्हता माज्या मनात, खोटं कशाला बोलू. एका माणसाला माज्या हातची भाकरी इखासारखी वाटली, हे जाता जात न्हवतं. आन् जिन्यातलं ते, लिहावं लागेल मनलेलं. काय लिहिलं असंल? रोज तेच. भांडी घासताना तेच. उद्या अजून कोण दारात येईल कागद घेऊन?

एका सकाळी ते आले. दारातच हुभे. बूट, इस्त्रीचा सदरा. सुदामनं बघितलं, उठला न्हाई, पण मनला, "आई, पाणी दे त्यांना."

पाणी घेतलं. समदं पिले. मनले, "काम संपलं. बँकेची परवानगी काढून आलोय. अहवाल त्यांचा आहे, मला कुणाला सांगता येत नाही. पण त्यात तुमच्याबद्दल थोडं लिहिलंय, ते तुम्हाला कळायला हवं. तेवढं सांगायला ते हो म्हणाले."

मी मनलं, "सांगा." हात पदरात धरून ठिवले.

त्यांनी खिशातनं काय काढलं न्हाई. तोंडपाठच व्हतं. "राखणदाराची आई मालकाचा निरोप घेऊन आली. साक्षीदारासमोर जसाच्या तसा सांगितला. किमतीबद्दल तिनं स्वतः काही मागितलं नाही. ती फार भ्यालेली होती. निरोपानं माझं मत बदललेलं नाही."

सुदामचा बाप गेला तवा समदी भावकी मनली, लय धीराची बाई हाय. मशिनीत बोट गेलं तवा मुकादम तेच मनला. ठाण्यात भाकरी घेऊन जायचे तर जमादार बी मनायचा, म्हातारी खंबीर हाय. मी बी मनत आले. तसं मनलं की माणूस चालत ऱ्हातं.

सुदाम भिंतीपासून सरळ झाला. माज्या तोंडाकडं बघायला लागला, लहान असताना बघायचा तसा.

"आई, तू भेल्तीस?"

"लय," मी मनलं.